गणपती गेले की

अंदमानला जायचं, हे गोविंदानं मोरूला पहिल्यांदा कबूल केलं तेव्हा दोघांच्याही मिशा काळ्या होत्या. पेणला गोविंदाचा गणपतींचा कारखाना, आणि मोरू त्यात डोळ्यांची आखणी करणारा. मूर्तीला रंग फासणारे छप्पन मिळतात, डोळे आखणारा हात एखादाच असतो, आणि हा हात गोविंदाच्या शाळेपासूनच्या मित्राचा होता. मोरू बसायचा त्या जागेसमोर भिंतीवर अंदमानचं एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष सरलं तरी ते त्यानं काढू दिलं नाही. निळं पाणी, त्यात एक पिवळा मासा, अंगावर काळे पट्टे. मान अवघडली की मोरू तिकडे बघायचा आणि विचारायचा, "कधी रं?"

"गणपती गेले की," गोविंदा म्हणायचा.

आता गणपती दरवर्षी जातातच, त्यात गोविंदाचं काय कर्तृत्व? पण ते गेले की नवरात्रातल्या देव्या असायच्या. देव्या गेल्या की परदेशी जाणाऱ्या मूर्ती, कारण त्या बोटीनं जातात आणि वेळेच्या कितीतरी आधी तयार व्हाव्या लागतात. आखणी म्हणजे मोरू, आणि मोरू हलला की कारखाना अडला. मोरू कधी भांडलाही नाही. फक्त एका वर्षी ब्रश खाली ठेवून तो म्हणाला होता, "गोविंदा, औंदाच जाऊ. औंदा नको चुकवू." गोविंदा घाईत होता. त्यानं नेहमीचंच उत्तर दिलं.

त्याच सुमाराला मोरू धडपडायला लागला. दारातून जाताना खांदा चौकटीला आपटायचा, खाली ठेवलेली रंगाची डबडी पायानं उडायची, एकदा तर सुकत ठेवलेल्या मूर्तीची सोंड त्याच्या कोपरानं गेली. सगळा कारखाना हसला. संध्याकाळची सकाळीच घेतोस काय, असं गोविंदानंच त्याला चिडवलं. डोळ्यांची शंका कुणाच्या मनाला शिवली नाही. या कारखान्यात माणसाची नजर त्याच्या रेघेवरून जोखायची पद्धत होती, आणि मोरूची रेघ केसभरही हलत नव्हती.

यंदा मुहूर्त लागला तो महिपतीमुळे. महिपती रोह्याचा, या दोघांचा तिसरा. धाटावच्या एका कंपनीत शिफ्टा करून करून नुकताच निवृत्त झालेला. त्यानं परस्पर विमानाची तिकिटं काढली आणि कारखान्यात येऊन गोविंदाच्या पुढ्यात टाकली.

"आठवडाभर," तो म्हणाला. "तुज्या देवांना सांग, आमी रजेवर हाव."

आणि खरंच गेले. या बेटावरून त्या बेटावर बोटीनं उड्या मारत तिघं साठीचे बाप्ये पोरांसारखे हुंदडले. धक्क्यावरच्या फळीवरून उतरताना मोरूनं महिपतीचा खांदा घट्ट धरला, तर महिपती म्हणाला, "नवी नवरी हाय काय रं तू?" छोट्या होडीचं वल्हं मोरूच्या हाती दिलं, तर त्यानं होडी सरळ खारफुटीत घातली. जंगलाच्या वाटेवर मुळांना अडखळून तो दोनदा आडवा झाला. तिघंही पोट धरून हसले, मोरू सगळ्यात जास्त. गोविंदाला वाटलं, उशिरा का होईना, शब्द पाळला. त्याची छाती फुगली होती, आणि ती फुगलेली मोरूला कळत होती.

मग पाण्याखाली मासे बघायचा दिवस आला. आदल्या दिवशी कुठंतरी वादळ होऊन गेलं होतं आणि समुद्र ढवळला होता. डोळ्यांवर काच, तोंडात नळी घालून तिघं उतरले. गोविंदाला हिरवट गढूळ पाण्यापलीकडे काही दिसलं नाही. स्वतःचा हातदेखील धड दिसेना. तो आणि महिपती बोटीवर चढले तेव्हा बोटवाला ओशाळून म्हणाला, "आज कुछ नहीं दिखा साहब, माफ करना."

मोरू मागून वर आला. काच काढली, चेहरा नुसता फुललेला.

"बघितलास काय, गोविंदा? पिवला! काले पट्टे! माज्या नाकापुढून गेला."

महिपतीनं थट्टेला तोंड उघडलं. गोविंदानं त्याचा दंड दाबला. तो मासा गोविंदाच्या ओळखीचा होता. इतकी वर्षं तो त्याच्याच भिंतीवर होता.

ऊन उतरल्यावर गोविंदा मोरूला घेऊन वाळूत बसला. "मोरू, खरं सांग. तुला दिसतं काय?"

मोरूनं वाळू चिवडली. "काचबिंदू हाय," तो म्हणाला. "पनवेलच्या डाक्टरनं सांगितलं, बाजूबाजूनं मिटत जानार. थेंब घालतो, पन गेलं ते परत येत नाय. डावा तर बंदच हाय. उजव्यानं दिसतं एवढंसं." त्यानं अंगठा आणि बोट जुळवून लहानसं भोक केलं. "गनपतीचा डोला मावतो तेवड्यात."

"कधी समजलं?"

"औंदाच जाऊ म्हनलो होतो ना तुला? तवा. तवा लय दिसत होतं."

गोविंदा त्याच्याकडे वळला. "मंग बोलला का नाय?"

"बोललो असतो तर तू आखनी काडून घेतली असतीस. मंग मी करनार काय? आनि तुजे गनपती कोन पुरे करनार होता?"

"आनि आज खोटं कशापायी?"

"तू इतका खुशीत होतास रं," मोरू म्हणाला.

गोविंदा रडला. कारखान्याचा मालक, चारचौघांत आवाज असलेला माणूस, आणि तो तोंड न झाकता हमसून रडला. आपण याची नजर वापरली आणि संपवत आणली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. थेंबांनी काय होतं नि काय नाही हे डॉक्टरांनी सांगावं. पण दिसत होतं ते दिवस कुठे गेले, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मोरू त्याच्या पाठीवर थोपटत राहिला. त्यालाच समजूत काढावी लागली.

निघायच्या दिवशी पाणी निवळलं. तळाला काच बसवलेली बोट असते, तिच्यात तिघं बसले. आता सगळं ठाऊक झालेल्या महिपतीनं चढताना मोरूपुढे आपणहून खांदा केला. गोविंदानं मोरूला काचेवर ओणवं बसवलं आणि त्याची हनुवटी हातात धरली. डोळे आखायची मूर्ती उजेडाकडे वळवताना मोरू अशीच धरायचा.

"जरा खाली. आता उजवीकडं. हं, हितंच ऱ्हा."

खाली खरंच एक पिवळा मासा आला. काळे पट्टे होते.

"दिसला," मोरू म्हणाला. मग खांदे सैल पडले. "गेला."

"परत येईल," गोविंदा घाईनं म्हणाला. "थांब जरा."

मोरूनं मान वर केली नाही.

"थांबतो की," तो म्हणाला. "तू थांब म्हनलास आनि मी थांबलो नाय, असं कधी झालंय?"

बोट किनाऱ्याकडे वळली तरी तो तसाच खाली बघत होता, आणि गोविंदाला हात काढता येईना.