रिबित्वाची धर्ममाता

"नगराध्यक्षांच्या बायकोला ताप भरलाय," बोगुमिल दारातूनच म्हणाला. "नव्या नावेची, रिबित्वाची, धर्ममाता आता तुम्ही, इर्मिनाबाई."

इर्मिनाबाई जमिनीवर गुडघे टेकून शिडाला शेवटचे टाके घालत होत्या. तळ्याकाठच्या गिझित्स्को गावच्या नौका क्लबात त्या अडतीस वर्षं शिडं शिवत होत्या आणि बोगुमिल तितकीच वर्षं नावा सांभाळत होता. त्याच्या थट्टेची त्यांना सवय होती.

"सकाळी सकाळीच लावून आलास वाटतं."

"देवाशपथ. क्लबच्या अध्यक्षसाहेबांनीच पाठवलंय. नावेवर बाटली फोडायची, तिचं नाव ठेवायचं आणि पहिल्या फेरीला नावेत बसायचं."

हातातली सुई हातातच राहिली. बाटलीबिटलीचं त्यांना काही नव्हतं. पण नावेत बसायचं! दर मे महिन्यात मोसमाचा झेंडा चढे, बँड वाजे, वाटाण्याच्या सुपासाठी रांगा लागत आणि त्यांची शिडं तळ्यात दूर निघून जात. नावेत बसा म्हणून कुणी म्हटलं नाही, आणि आपण होऊन मागणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. शीड पाहिलं ते जमिनीवर पसरलेलं, नाहीतर काठावरून रुमालाएवढं. वारा भरल्यावर ते खालून दिसतं तरी कसं, या कुतूहलानं बाईंना किती वर्षं छळलं होतं, देव जाणे.

दुपारी बाटली पहिल्याच फटक्याला फुटली. "रिबित्वा, नीट जा, माणसं घरी आण," एवढंच बाई बोलल्या. लिहून दिलेलं भाषण एप्रनच्या खिशातच राहिलं.

बोगुमिलनं सुकाणू धरलं, शीड वर चढलं आणि भप्पकन फुगलं. बाई मान मागे टाकून बघत राहिल्या. उन्हात एकेक टाका मोजता येत होता.  मग नजर शिडाच्या तिसऱ्या पट्ट्यावर गेली. डोलकाठीपासून एक चुणी तिरकी खाली उतरली होती.

"दोरी ओढ बरं जरा."

त्यानं ओढली. चुणी होती तिथंच होती.

"आता सैल सोड."

तरी ती हलेना.

"ही नेहमीच असते का रे?"

बोगुमिल काठाकडे बघू लागला.

"तुला विचारतेय मी."

"असते. तुमच्या सगळ्याच शिडांना असते, तिसऱ्या पट्ट्याला. पण त्यानं काय अडलंय? नावा चालतातच की."

"अडतीस वर्षं. आणि एकालाही सांगावंसं वाटलं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं एक दिवस. दुसऱ्या दिवशी उसवून नीट केलं असतं."

 बाईंनी एप्रननं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि हात पुढे केला.

"पेन्सिल आहे?"

त्यानं खिसे चाचपून एक थोटूक दिलं. एका हातानं डोलकाठी धरून बाई उभ्या राहिल्या आणि चुणीच्या कडेकडेनं रेघ ओढू लागल्या. काठावर टाळ्या चालल्या होत्या, अध्यक्षसाहेब टोपी हलवून परत बोलावत होते. बाईंची पाठ होती तिकडे.

"बोलावतायत. वळवू का?"

"थांब," बाई टाचा उंचावत म्हणाल्या. "वारा आहे तोवर खूण करून घेते."