पुढचा ब्रेक

घरात मला ठिणगी म्हणतात. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो तिथे कोण आणून ठेवतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

ताई आणि मी इस्पितळासाठी शिवणकाम करतो. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले. दुकान म्हणजे दोन मशिनं, कापायचं एक टेबल आणि दारामागे फाटक्या चादरीखाली झाकलेली ताईची स्कूटर. आधी माल ताईच पोचवायची. मग एके दिवशी उतारावर हातगाडी आडवी आली, ताईने ब्रेक दाबला, स्कूटर फरफटत जाऊन उभ्या ट्रकवर आदळली आणि ताईचा पाय मोडला. पाय जुळला. स्कूटरही दुरुस्त झाली. ताई मात्र पुन्हा तिच्यावर बसली नाही.

गॅरेजवाल्याने तेव्हा चाकं उघडून दाखवली होती. मागचा टायर एकाच जागी घासून गुळगुळीत झालेला, आणि पुढच्या ब्रेकचे लायनर कोरे करकरीत, कालच बसवल्यासारखे. आमच्या दादाला तेवढंच पुरलं. "दोन ब्रेक दिलेत गाडीला, त्यातला एक हिने आयुष्यात दाबला नाही! घाबरली, दुसरं काय." येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्याने हे सांगितलं. सगळं खापर ताईच्या डोक्यावर फुटलं, आणि ती मान खाली घालून म्हणायची, "हो रे, माझंच चुकलं." मला ऐकवत नसे. पण लायनर कोरे होते, त्यावर काय बोलणार?

तेव्हापासून माल दादा पोचवतो, म्हणजे मर्जी असेल तेव्हा. दोनदा गठ्ठे उशिरा गेले. इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी बजावलं, आणखी एकदा उशीर झाला तर काम दुसरीकडे जाईल. आमच्याकडे दुसरं काम नाही. दादा म्हणाला, "मग बंद करा ना दुकान. कुणी सांगितलीय एवढी उठाठेव?"

मी म्हटलं, मी लायसन्स काढते.

ताई जिथे शिकली त्याच शाळेत गेले, कारण आमच्या भागात तेवढी एकच. शाळा कसली, भिंत घातलेलं एक मैदान, तीन गाड्या आणि गळ्यात शिटी अडकवून खुर्चीवर बसलेला मास्तर. पुरुष आला की तो विचारायचा, "गिअरची की बिनगिअरची?" बाई आली की न विचारता स्कूटरकडे बोट. मी मुद्दाम विचारलं, "मोटरसायकल शिकले तर?"

"तर गिअरचं लायसन्स मिळेल, दोन्ही चालवता येतील. पण मॅडम, कशाला डोक्याला ताप?"

डोक्याला ताप तिथेच सुरू झाला होता. पण घरी स्कूटर उभी होती आणि हाताशी वेळ नव्हता, म्हणून बिनगिअरवर गप्प बसले. शिकाऊ लायसन्स आलं. त्यावर, मागे लायसन्सवालं माणूस बसवून, गाडी रस्त्यावर नेता येते. ताईकडे लायसन्स होतंच. मी म्हटलं, "तू नुसती मागे बस." तिने दारामागच्या चादरीकडे बघितलं आणि ती पांढरीफटक पडली. मी पुन्हा विचारलं नाही.

मैदानावर मास्तरचं एकच पालुपद. "डावा दाबा, डावा! उजव्याला हात नको!" स्कूटरला डाव्या मुठीत मागचा ब्रेक, उजव्या मुठीत पुढचा. मला लहानपणापासून सायकलची सवय, त्यामुळे मी दोन्ही दाबायची. उजवा कितीही आवळला तरी काही होत नसे. मला वाटलं, स्कूटरचा पुढचा ब्रेक असाच असतो, नावापुरता.

परीक्षा लायसन्स कचेरीच्या आवारात, तिथल्याच स्कूटरवर झाली. आठचा आकडा नीट काढला, वळणं झाली, पाय कुठे टेकला नाही. शेवटी वेगात यायचं आणि शिटी वाजली की थांबायचं. शिटी वाजली. मी नेहमीसारखे दोन्ही ब्रेक जीव खाऊन आवळले. पुढचं चाक जागच्या जागी अडकलं आणि मी स्कूटरसकट आडवी. कोपर सोलपटलं, आणि बाकावर बसलेल्या दोघा-तिघांनी हसून घेतलं.

परीक्षकाने स्कूटर उभी केली. "कुठल्या शाळेच्या?"

मी सांगितलं.

"वाटलंच. तिथले इथेच पडतात. त्याच्या स्कूटरचा पुढचा ब्रेक चालतच नाही, तार सैल करून ठेवतो तो. जे गुमान नुसता डावा दाबतात ते पास होतात. सपाटीवर तेवढ्यावर भागतं."

"आणि उतारावर?"

त्याने माझ्या कागदावर नापासाचा शेरा मारला.

"तुम्हाला हे माहीत आहे, आणि तुम्ही गप्प?"

"माझं काम परीक्षा घ्यायचं, बाई. पुढच्या आठवड्यात या."

सपाटीवर भागतं! ताई गुमान ऐकणारी, पहिल्या फटक्यात पास झालेली. कोरे करकरीत लायनर माझ्या डोळ्यांपुढे आले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच मैदानावर गेले.

मास्तर खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. "अहो, नवीन माणूस घाबरला की पुढचा ब्रेक करकचून दाबतो आणि पडतो. माझ्या गाड्या फुटतात. रोज कोण दुरुस्त करणार? आजवर एकाची तक्रार नाही."

"तक्रार करणारे पाय मोडून घरी बसलेत!"

"तुमच्या बहिणीचं म्हणता ना? त्या मुळातच घाबरट हो."

हातातलं हेल्मेट मी भिंतीवर आपटलं. त्याच्या डोक्यावर आपटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुकानात दादा आलेला होता. सकाळी जायचे गठ्ठे बांधून तयार होते आणि ताई शेवटच्या अभ्र्याला शिलाई मारत होती. माझं कोपर बघून दादा म्हणाला, "आपटलीस ना? म्हटलं होतं मी. आणि हे बघा, उद्या मला जमायचं नाही."

मी सगळं ओकले. मास्तर, तार, परीक्षक, सगळं, एका दमात.

दादा म्हणाला, "असेल तसं. पण शेवटी गाडी चालवणाऱ्याला अक्कल..."

ताईचं मशिन थांबलं. "म्हणजे तो दाबायचा असतो हे मला कुणी शिकवलंच नव्हतं?"

"नाही, ताई. दाबू नको म्हणून शिकवलं होतं."

तिने आपल्या पायाकडे पाहिलं. मग दादाला विचारलं, "मग मी इतके दिवस तुझी माफी कशाची मागत होते?"

दादाने खिशात चावी चाचपली आणि काम आठवल्यासारखा निघून गेला.

सकाळी मला जाग आली ती दारामागच्या खडखडाटाने. ताईने चादर काढून घडी घातली होती. गल्लीत ती स्कूटर पायाने रेटायची, उजवा ब्रेक हलका दाबायची, थांबायची. पुन्हा रेटायची, पुन्हा दाबायची. मग तिने गाडी सुरू केली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. चेहऱ्यावर घाम होता. "गठ्ठे आण," ती म्हणाली.

दोन गठ्ठे तिच्या पायाशी, एक आमच्या दोघींच्या मधे. पण ती इस्पितळाकडे न वळता मैदानाकडे वळली. फाटकातून आत शिरली आणि थेट मास्तरच्या खुर्चीवर चाल करून गेली. मास्तरने दोन्ही पाय वर घेतले. स्कूटर त्याच्यापुढे शांतपणे थांबली, जराही न घसरता.

"ओळखलंत? मी तुमचीच. पास झाले होते."

"ताई, ऐका जरा..."

"तुम्ही मला थांबायला शिकवलं नाहीत. तार घट्ट करा."

"करतो की, संध्याकाळी..."

"माझ्यासमोर."

आवाज चढलेला नव्हता. मैदानात पाचसहा शिकाऊ होते. शाळेच्या स्कूटरवर बसलेल्या एका बाईने उजवा ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा दाबला, मग खाली उतरून स्कूटर स्टँडवर लावली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. बाकीचेही तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. मास्तरने सगळ्यांकडे पाहिलं आणि पाना शोधायला गेला.

त्याने तार आवळली. ताईने ब्रेक दाबून पाहिला. "अजून." त्याने पुन्हा आवळली. मी, ठिणगी, तोंड मिटून उभी होते. माझी गरजच नव्हती.

"चल," ताई म्हणाली. "मेट्रनबाई खोळंबतील."

इस्पितळाच्या रस्त्यावर तोच उतार लागतो. त्याच्या तोंडाशी तिचे खांदे ताठ झाले आणि मी गठ्ठ्यावरून हात नेऊन तिची कंबर धरली. तिने दोन्ही ब्रेक हलके धरले आणि आम्ही सावकाश उतरू लागलो. तिची पाठ हलत होती. मला वाटलं रडतेय, म्हणून कान पुढे नेला.

ताई शिव्या देत होती. कधी कुणाला वावगा शब्द न बोललेली माझी ताई. मास्तरला, परीक्षकाला, दादाला, त्या ट्रकला, एकेकाला निवडून, आणि उतार संपेपर्यंत ती थांबली नाही.