जवाच्या नक्षीचं चाक

तळघरातून ते मशीन वर आणायला शेजारपाजारचे धट्टेकट्टे गडी बोलवावे लागले, आणि वर आल्यावर घाम पुसता पुसता प्रत्येकाने नोएमीला एकच विचारलं, "आता याचं करणार काय?"

"चालवणार," ती म्हणाली.

"आणि बाळ कोण सांभाळणार? मशीनच का?"

ती हसली. बाळ तेव्हा टोपलीत झोपलं होतं. टोपली खिडकीपाशी आणि मशीन टोपलीपाशी, हीच मांडणी मग हिवाळाभर राहिली. बाळाचा डोळा लागला की नोएमी रॉकेलचा बोळा हातात घ्यायची आणि ते कुरकुरलं की हात धुऊन त्याला घ्यायची. तरी बाळाच्या लाळेऱ्याला रॉकेलचा वास लागायचाच.

तिचे पापा, अर्मां पेरनू, शेकोटीपाशी बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "तो स्क्रू उलटा फिरवतेयस, पोरी." आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी याच मशीनपुढे काढली होती. घड्याळाच्या तबकडीवर नक्षी कोरायचं मशीन ते. डाव्या हाताने मूठ फिरवायची, उजव्या हाताच्या अंगठ्याने कोरणी अलगद दाबायची, की चांदीवर जवाचे दाणे उमटत जायचे, एकाला एक खेटून, ओळीमागून ओळ. पुढे बॅटरीवरची घड्याळं आली, कारखाना बंद पडला, आणि मशीन तळघरात गेलं.

आता पापांची मधली नजर जात चालली होती. कडेचं दिसत राहील, समोरचं मात्र फार दिवस दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते व्हायच्या आत पापांना स्वतःच्या हातची जवाची नक्षी एकदा दिसावी, एवढंच नोएमीच्या मनात होतं.

मूठ गेली होती, ती तिने नासपतीच्या लाकडाची करून घेतली. मुठीपासून मशीन फिरवणारी, जनावराच्या आतड्याची दोरी सारंगीसारखी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे मिळाली. अडलं ते चाकापाशी. कण्यावर एक पितळी चाक बसतं. त्याची कड सगळी लाटालाटांची. त्या लाटांवर पोलादी बोट टेकलेलं असतं. चाक फिरलं की कणा डुलतो, आणि कणा डुलला की कोरणीखालची तबकडी डुलते. चाक नसेल तर मशीन नुसतंच गोल गोल रेघा ओढत बसतं.

घड्याळांसाठी नावाजलेल्या ला शो-द-फाँ गावच्या जुन्या बाजारात तिने टेबलामागून टेबल पालथं घातलं. म्हातारे कारागीर मान हलवायचे. "जवाचं चाक? अहो बाई, ते कधीच वितळलं असणार. आता त्याची कढई झाली असेल नाहीतर नळ."

घरी येऊन ती हे सांगायची तेव्हा पापा काहीच बोलायचे नाहीत. शेकोटीत एखादं लाकूड सरकवायचे.

मग एका दुपारी ती ओर्तांसमावशींकडे त्यांचं केकचं भांडं परत द्यायला गेली. मावशी म्हणजे त्याच कारखान्यातल्या पॉलिशवाल्या. पापा कोरायचे ती तबकडी पुढे यांच्याच हाताखाली यायची. घर उताराच्या टोकाला, हाकेच्या अंतरावर. नोएमी भांडं ठेवायला वळली आणि चुलीवरच्या भिंतीतल्या खिळ्याकडे तिची नजर गेली. तिथे लटकणाऱ्या पितळी चकतीला ती लहानपणी सूर्य म्हणायची. आज तिला त्या सूर्याच्या कडेच्या लाटा दिसल्या.

"मावशी! हे तुमच्याकडे कुठून आलं?"

"ते होय? कारखाना बंद झाला त्या दिवशी. मालक म्हणाले, भंगारवाला यायच्या आत ज्याला जे हवं ते उचला. बायकांनी स्टुलं नेली, दिवे नेले. तुझ्या बापाने ते धूड मागून घेतलं. मग मला म्हणतो, तुला काय हवं, ओर्तांस? मी आपली चेष्टेत म्हटलं, तुझ्या मशीनचं काहीतरी दे. त्या वेड्याने सरळ चाकच काढून हातात ठेवलं."

"आणि तुम्ही घेतलंत?"

"मग काय तोंडावर परत फेकू? मशीन पुन्हा चालायचं नाही, असं तोच म्हणत होता."

नोएमीची आई त्याआधीच गेली होती. गल्लीने तेव्हा या दोघांचं लग्न मनातल्या मनात लावूनही टाकलं होतं. ते लागलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि दोघांनीही सांगितलं नाही.

मावशींनी स्टूल ओढलं, नोएमी नको नको म्हणत असताना त्यावर चढल्या, चाक काढून पदराला पुसावं तसं एप्रनला पुसलं. "घे. दर शनिवारी पॉलिश केलंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा चुकवलं नाही. आणि चालवाल तेव्हा मला बोलवायचं, सांगून ठेवते."

रविवारी त्या आल्या त्या ठेवणीतला कोट घालून, हातात घरची गोड पावरोटी. "अर्मां, दाढी केलीस वाटतं? चाकासाठी की माझ्यासाठी?"

"चाकासाठी. तू काय, रोजचीच."

पापांनी चाक हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं नाही. अंगठा कडेवरून फिरवला, थांबवला, मागे नेला, पुन्हा फिरवला. त्यांचा चेहरा नोएमीला दिसत होता. आनंदाने उजळलेला चेहरा एकेक दिवा मालवावा तसा शांत होत गेला. मावशी पावरोटी कापत होत्या.

"बसव," ते म्हणाले.

नोएमीने चाक कण्यावर चढवलं आणि कोरी तबकडी लावली. पापांनी मूठ धरली आणि पाठ ताठ केली. मशीन फिरायला लागलं तसं बाळ टोपलीत जागं झालं आणि न रडता ऐकत राहिलं. एक फेरा झाला की पापा तबकडी अर्धी लाट पुढे सरकवायचे आणि पुढचा फेरा घ्यायचे. हात काहीच विसरले नव्हते. शेवटी त्यांनी तबकडी सोडवली, मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने पाहिली.

"आले की दाणे. बघ."

नोएमीने पाहिलं. दाणे आले होते, पण पोचट. टरफलासारखे, आत काहीच नसलेले. जरा लांब धरलं की नुसत्या रेघा.

"छान आलेत," ती घाईने म्हणाली.

"आण इकडे," मावशी म्हणाल्या. त्यांनी तबकडी उजेडाकडे कलती धरली, जशी जन्मभर धरत आल्या होत्या. तबकडीच्या बाबतीत त्यांना फसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. मग उठून त्या मशीनपाशी गेल्या, चाकाच्या कडेला बोट लावलं आणि तसंच ठेवलं.

"लाटांचे माथे गेलेत," त्या म्हणाल्या. "मी खाल्ले. पॉलिशने पितळ झिजतं हे काय मला ठाऊक नाही? आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडत आले, कडा सांभाळा म्हणून."

"मावशी, खळगे शाबूत आहेत," नोएमी म्हणाली. "तेच आणखी खोल केले तर..."

"कोण करणार?" पापा म्हणाले. "त्याला नजर लागते, पोरी."

पावरोटीचे काप बशीत तसेच पडून होते.

"इतकी वर्षं मशीन तुझ्या तळघरात आणि चाक माझ्या भिंतीवर," मावशी म्हणाल्या. "एकदा येऊन मागायला काय झालं होतं तुला?"

"मागितलं असतं तर तू दिलं असतंस."

"दिलंच असतं! मग?"

"मग तुझ्याकडे माझं काय राहिलं असतं?"

मावशी हसतील असं नोएमीला वाटलं. त्या हसल्या नाहीत. "मूर्खा," त्या हळू म्हणाल्या, "तू मागायला येशील म्हणून तर लखलखीत ठेवत होते."

नोएमीने बाळाला उचललं, कारण तिला कुठेतरी तोंड लपवायला हवं होतं. हिवाळाभर ती नट आणि दोऱ्या शोधत फिरली होती; आणि पापा गप्प का राहत होते, हे एकदाही तिने नीट विचारलं नव्हतं. शोधच घेतला नसता, तर ते चाक भिंतीवर सूर्यासारखं चमकत राहिलं असतं आणि या दोघांना एकमेकांची वाट पाहता आली असती.

मावशींनी कोटाची बटणं लावली. पापाही उठले, भिंत चाचपत दारापर्यंत गेले आणि त्यांनी टोपी घातली. "बर्फ आहे. चल, सोडतो."

"तुला दिसत नाही, तू मला सोडणार?"

"मग तू धर मला."

खिडकीतून नोएमी पाहत होती. मावशींनी पापांचं कोपर धरलं होतं. जपून पावलं टाकत दोघं फाटकापर्यंत गेली. पुढे उतार, आणि उताराच्या टोकाला ते घर. जा ना, नोएमी मनात म्हणाली, जा ना पापा पुढे. फाटकाशी दोघं बराच वेळ उभी राहिली. काहीतरी बोलणं झालं. मग मावशी एकट्याच खाली उतरू लागल्या आणि पापा फाटकाचा लोखंडी दांडा धरून, त्या दिसत नसतानाही, त्या दिशेला तोंड करून उभे राहिले.