वर्षभराच्या बेताला एक काळं बटण

राग माझ्या नाकावर असतो, हे मी आधीच सांगून टाकते. शिलाईच्या दुकानात बसून दिवसभर लोकांचं "जरा सैल करा, नको, जरा घट्टच करा" ऐकून बघा, मग मला बोला.

घरात आम्ही चौघं. मी, आमचे हे, सासरेबुवा आणि कॉलेजात शिकणारी लेक, बारकी. चौघंही एकदमच बोलतो, ऐकत कोणीच नाही. म्हणून मोठा निर्णय बटणांवर घ्यायचा, असा कायदा मीच केलाय. प्रत्येकाला एक पांढरं बटण, एक काळं. होकार असेल तर पांढरं डब्यात टाकायचं, नकार असेल तर काळं. उरलेलं मुठीत ठेवायचं. एक जरी काळं निघालं तरी बेत रद्द, आणि ते कोणी टाकलं हे विचारायचं नाही.

त्या दुपारी प्रश्न बारकीचा होता. ती कृत्रिम हातपाय बनवायचं शिकते. परदेशात दोन ठिकाणी तिची निवड झाली होती, दोन्हीकडे शिष्यवृत्तीसकट. एक अभ्यासक्रम चार महिन्यांचा, मोठ्या शहरात, मैत्रिणीबरोबर. तिथं नुसती व्याख्यानं. दुसरा वर्षभराचा, कुठल्याशा लहान गावात, एकटीनं. पण पहिल्या आठवड्यापासून खऱ्या माणसासाठी खरा पाय घडवायचा. त्याबद्दल बोलायला लागली की पोरगी जेवायचं विसरायची. फॉर्म पाचला बंद होणार होता. वर्षभराच्या बेतावर आम्ही बटणं टाकली.

मी कापायच्या टेबलावर डबा उपडा केला. तीन पांढरी, एक काळं.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "कोण आहे हा? पोरीच्या वाटेत कोण आडवं आलंय?"

"अगं, विचारायचं नसतं," हे म्हणाले. "तुझाच कायदा."

"खड्ड्यात गेला कायदा! मुठी उघडा."

सासरेबुवांनी आधी उघडली. "सूनबाई, माझ्यावर कसला संशय? हे बघ." हातात काळं बटण, म्हणजे पांढरं डब्यात. ह्यांच्याही हातात काळं. माझ्याही. बारकी मूठ पाठीमागे धरून उभी होती.

"बारके, हात पुढे कर."

तिच्या तळहातावर पांढरं बटण होतं. स्वतःच्याच बेतावर पोरीनं काळं टाकलं होतं! मी मटकन स्टुलावर बसले.

"आई, गेल्या आठवड्यात तू एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्यास," ती म्हणाली. "वीस वर्षांत असं कधी झालं नाही. मी वर्षभर गेले तर तुझं काय होईल? चार महिने बरे."

"शहाणीच आहेस! उसवल्या आणि परत लावल्या. गिऱ्हाइकाला पत्तासुद्धा नाही."

"पण का लावल्यास?"

ह्यांनी पटकन घड्याळाकडे पाहिलं, सासरेबुवा खोकले.

"तुझ्याच विचारात होते म्हणून लावल्या," मी म्हटलं. "मला तू इथं हवी आहेस. तुझ्याशिवाय मला करमणार नाही. झालं समाधान? पण म्हणून तू इथं बसून माझ्या बाह्या मोजणार का? चला, बटणं उचला. परत टाकायची."

"पाचला दहा कमी," हे म्हणाले.

सासरेबुवांनी टाकलं, ह्यांनी टाकलं. बारकीनं माझ्याकडे बघत बघत टाकलं. डबा माझ्यापुढे आला.

खरं सांगते, मघाशी मी पांढरं टाकलं ते दुसऱ्याच्या भरवशावर. सासरेबुवांचा नातीवर एवढा जीव, काळं तेच टाकतील. पोरगी चार महिन्यांतच परत येईल आणि मी वाईटही ठरणार नाही, असं मनात कुठंतरी होतं. माझ्या मनातलंच डब्यातून बाहेर पडलं, म्हणून तर एवढी चिडले होते. आता सगळे माझ्याकडे बघत होते, आणि भरवसा ठेवायला कोणीच उरलं नव्हतं.

"सूनबाई, टाक गं," सासरेबुवा हळूच म्हणाले.

"टाकतेय ना! घाई कसली?"

टाकलं एकदाचं. ह्यांनी डबा उपडा केला, चारही पांढरी. बारकीनं तिथंच उभ्या उभ्या फोनवरून फॉर्म पाठवला आणि माझ्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. या वेळी बटण मी मनापासून टाकलं होतं, पण तिला ते कळायचं काही कारण नव्हतं.