मी दिलेला आणि अडवलेला श्वास

मी एक जुना रेग्युलेटर आहे. पंख्याचा नव्हे, गॅसच्या शेगडीचाही नव्हे. मित्रांनो, पाणबुड्याच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा त्याला श्वासापुरती देत राहणे, हे माझे काम. १९५७ साली हाम्बुर्गच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पितळी अंग, आत चिमुकली झडप आणि तोंडापर्यंत जाणाऱ्या दोन रबरी नळ्या. दिसायला मी काही देखणा नव्हतो, पण तोरा मात्र मोठा होता.

म्युनिकमधल्या एका संशोधन संस्थेने मला विकत घेतले आणि मी दत्तात्रयच्या हाती पडलो. हा वेंगुर्ल्याचा तरुण तळ्यांच्या तळातल्या गाळावर पीएच.डी. करत होता. प्रत्येक बुडीनंतर तो मला धुऊन सुकवी आणि म्हणे, "बाबा रे, तुझ्याच भरवशावर आहे मी." इतका जीव मला कोणी लावला नव्हता.

बव्हेरियाच्या डोंगरांत, मोटार पोहोचत नाही अशा ठिकाणी, आमचे तळे होते. तिथे पहिल्यांदा उतरलो आणि माझा तोराच उतरला. वरचे पाणी हिरवे, मग निळे, मग काळोखाकडे झुकणारे. तळाशी कधीकाळी कोसळलेली झाडे फांद्यांसकट पडून होती. थंडीने त्यांना कुजूच दिले नव्हते. दत्तात्रयने नकळत हात जोडले. तिथे मला माझ्या बुडबुड्यांचा आवाजसुद्धा आगाऊपणा वाटला.

१९६१च्या नोव्हेंबरात, तळे गोठण्याआधी, गाळाचा शेवटचा नमुना आणायचा होता. माझी झडप जरा कुरकुरत होती आणि संस्थेने दिलेले ग्रीस संपले होते. दत्तात्रयने आईने पाठवलेली खोबरेलाची बाटली काढली. काठावरच्या खोपटात, शेगडीच्या उबेला बसून, त्याने दोन थेंब मायेने माझ्यात सोडले. कुरकुर थांबली. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

होडी वल्हवणाऱ्या म्हाताऱ्या लोरेन्झने नेहमीप्रमाणे बजावले, "आल्झो, तर मग, तीन हिसके म्हणजे वर ओढायचं." दत्तात्रयच्या कमरेला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक त्याच्या मित्राच्या, श्रीनाथच्या हातात होते.

वीस मीटरवर माझ्या पोटात काहीतरी घट्ट होऊ लागले. तेल थिजत होते. दत्तात्रयने श्वास ओढला; मी अर्धाच दिला. त्याने पुन्हा ओढला, झडप हलेना. त्याच्या पाठीवर सिलिंडरभर हवा होती आणि मला त्याला एक घोट देता येत नव्हता. त्याने दोरीला तीन हिसके दिले.

तो वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. श्रीनाथने मला उघडून हुंगले.

"अरे दत्तू, खोबरेल? थंडीत डोक्याला लावायच्या आधी आपण बाटली उन्हात ठेवतो ना रे!"

"आईचं तेल होतं," एवढेच दत्तात्रय म्हणाला आणि रडू लागला.

वाटले, आता हा मला तळ्यात भिरकावणार. पण त्याने मला साबणाने घासले, खालच्या गावातून योग्य ते ग्रीस आणले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या नळ्या तोंडात धरल्या. तो पहिला श्वास देताना मी थरथरलो.

मित्रांनो, आज मी संस्थेच्या कपाटात पडून आहे. वस्तूंवर माया जरूर करा, पण त्यांना काय सोसते ते आधी जाणून घ्या. आम्हांला 'नको' म्हणता येत नाही. त्या दिवशी शेगडीजवळ मला ते म्हणायचे सुचलेही नाही, कारण तो फार प्रेमाने तेल घालत होता.