माहेरून आलेली तंतुकणिका

मी एक तंतुकणिका बोलतेय, इंग्रजीत मायटोकॉन्ड्रिया म्हणतात ती. शाळेत माझं नाव घोकलं असेल, परीक्षा झाल्यावर विसरलाही असाल. तुमच्या पेशीपेशीत आम्ही दाटीवाटीनं राहतो. तुम्ही जेवता, श्वास घेता, आणि त्यातून शक्ती तयार करायचं काम आम्ही करतो. हृदयाचे गोडवे सगळे गातात, मेंदूचा तोरा तर विचारूच नका. आमची आठवण कुणी काढेल तर शपथ!

माझं बिऱ्हाड एका शाळकरी मुलीच्या मेंदूत आहे. घरी तिला चिमी म्हणतात. तिच्या कानावर पडतं ते मलाही कळतं, त्यामुळे करमणुकीला तोटा नाही.

मी चिमीला मिळाले आईकडून, आईला तिच्या आईकडून. बापाकडून आमच्यापैकी कुणी येत नाही. चिमीचं नाक बाबांचं, कपाळ बाबांचं, हट्ट तर आत्याच्या मते थेट आजोबांचा. शक्ती तेवढी माहेरची, आणि ती बेताची. आमच्या कारखान्यातलं पहिलंच यंत्र जन्मापासून रखडत चालतं. म्हणून चिमी दोन जिने चढली की मटकन बसते. "आईवर गेलीय, आळशी!" आत्या म्हणते. आईवर गेलीय हे खरं. पुढच्या शब्दानं माझं डोकं फिरतं.

पुढे चिमीचे टॉन्सिल काढायचे ठरले. दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरबाई तिला तपासायला आल्या. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का कधी?"

"छे, छे!" बाबांनी छाती पुढे काढली. "आमच्या घराण्यात सगळे ठणठणीत. माझे वडील तर शुद्धीवर आले तेच चहा मागत."

आत्यानं भर म्हणून एका काकांचा गुडघा आणि चुलत भावाचा मोतीबिंदू सांगितला. आई पलंगाशी उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. इतकी वर्षं त्या घरात राबूनही 'घरात कुणाला' म्हटलं की तिचं माहेर कुणाच्या हिशेबातच येत नाही.

मी मात्र हादरले. भुलीचा वायू नेमका आमच्या त्या पहिल्याच यंत्राला दाबतो. धडधाकट माणसाचं काही बिघडत नाही. तो झोपतो, वायू थांबला की उठतो. आमचं यंत्र आधीच कण्हतंय. नेहमीच्या मात्रेनं ते पार बसलं असतं, आणि चिमी उठलीच असती याची खात्री मी देऊ शकत नव्हते. ओरडून सांगावं तर मला तोंड नाही.

तोंड आईला होतं, आणि माहितीही. लग्नाआधी तिचं अपेंडिक्स काढलं, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आली नव्हती. तिच्या भावाला तर हर्नियाच्या ऑपरेशननंतर श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं होतं. तिच्या आईनं बजावलं होतं, "सासरी यातलं अवाक्षर काढायचं नाही. ठरलेलं लग्न मोडेल." तिनं आजवर ते पाळलं होतं.

"डॉक्टर," आई कशीबशी म्हणाली, "त्रास झालाय. मला. आणि माझ्या भावालाही."

"अगं, ते तुझ्या माहेरचं!" बाबा म्हणाले. "इथे चिमीचं चाललंय."

"चिमी यांच्याच पोटची ना?" डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. "बोला ताई, सगळं सांगा."

आईनं सगळं सांगितलं. आत्याचे डोळे मोठे झाले. "म्हणजे फसवून गळ्यात मारलं होय हिला आमच्या!"

"हो, लपवलं," आई म्हणाली. "मला काय बोलायचं ते नंतर बोला, वन्सं. आधी पोरीचं होऊ दे."

त्या दिवशीचं ऑपरेशन रद्द झालं. बाबांनी रजा फुकट गेल्याचा शोक केला. तपासण्या झाल्या, आमच्या यंत्राची खोट उघडी पडली. पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी चिमीला फार वेळ उपाशी ठेवलं नाही, शिरेतून साखरेचं पाणी चालू ठेवलं. मेंदूच्या लहरी दिसाव्यात म्हणून कपाळावर पट्टी चिकटवली आणि वायू अगदी हात राखून सोडला. इतरांना लागतो त्याच्या पाव हिश्श्यातच चिमी झोपली. माझं यंत्र मंदावलं, पण बसलं नाही. मग मलाही काही ऐकू येईना.

ऐकू आला तो आत्याचाच आवाज. ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "आम्ही वेळीच सांगितलं म्हणून बरं!" आम्ही! मला हसू आवरेना.

लोकहो, एवढंच मागणं आहे. दवाखान्यात घरातल्यांबद्दल विचारलं तर आधी बायकोकडे वळून बघा. आणि दमलेल्या पोरीला आळशी म्हणू नका, आमच्या जिवाला लागतं.

बाबा आईकडे वळले. मग हळूच म्हणाले, "तुला तेव्हा, शुद्धीवर येताना, फार त्रास झाला होता का गं?"

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. आईला रडूच फुटलं. चिमीनं कसाबसा हात उचलून तिचे डोळे पुसले. मी जमवलेली होती नव्हती ती सगळी शक्ती त्यात गेली. जाऊ दे, पुन्हा बनवीन.