ओढ्यापलीकडचा तुकडा

"अक्का, सोड ती कोंबडी," सेगुंदो अंगणातूनच म्हणाला. "मी जेवायला आलेलो नाही."

"मग कशाला आलास?" डेल्फिनाने विचारले. कोंबडीचे दोन्ही पाय तिच्या मुठीत होते आणि पंखांची फडफड चालूच होती.

 उत्तर त्याच्या अंगावरच होते. सरकारी निळा सदरा, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, खांद्यावर लांब दांड्याचे फावडे. त्याच्यामागे नदीकडून वर येणाऱ्या पायवाटेवर तसेच सदरे घातलेली तीसेक माणसे उभी होती आणि त्यांच्या दोन्ही अंगांना बंदुका घेतलेले पोलीस. कोकेनसाठी लावलेला कोका उपटणारी सरकारी टोळी आग्वाक्लारा वस्तीत येणार हे आठवडाभर ऐकू येत होते. त्या टोळीत आपला धाकटा भाऊ असेल, हे मात्र डेल्फिनाच्या स्वप्नातही नव्हते. अकरा वर्षांपूर्वी तो डोंगराकडच्या मुलखात कॉफी तोडायला गेला, तो आज असा उगवला होता.

"मला काय माहीत होतं इकडेच पाठवतील," तो खाली बघत म्हणाला. "नावेत बसल्यावर कळलं. मुकादमाला म्हटलं, हे माझ्या बहिणीचं शेत आहे, मला दुसरीकडे लावा. तो म्हणाला, वा, मग तुला वाटा माहीत असतील. तूच पुढे हो."

डेल्फिनाने कोंबडीची मान पिरगळली. "कुठून सुरुवात?"

"ओढ्यापलीकडच्या तुकड्यापासून."

तिने चुलीवर पाण्याचे मोठे भांडे चढवले आणि पाठ फिरवून उभी राहिली, कारण तोंड कसे ठेवावे ते तिला कळेना.

परवा दुपारी लुकड्या त्या तुकड्यात दोन माणसे घेऊन आला होता. रानातल्या बंडखोरांचा या भागातला म्होरक्या तो. खरे नाव कुणी विचारत नसे. त्याच्या माणसांनी तीन ठिकाणी माती उकरली आणि पुन्हा थोपटून वर पालापाचोळा पसरला. मग लुकड्या तिच्या दारात येऊन सभ्यपणे टोपी काढून म्हणाला, "तीन पायमोडे सुरुंग पेरलेत, डेल्फिना. तू तिकडे पानं तोडायला जाशील म्हणून सांगतोय. बाकी तू काही पाहिलं नाहीस."

"नाही पाहिलं," ती म्हणाली होती.

असे म्हणायचे असते. गेल्या वर्षी पलीकडच्या वस्तीतल्या एका बाईने पोलिसांना वाट दाखवली. ती बाई तीन दिवसांनी नदीत सापडली, आणि तिला बाहेर काढायलासुद्धा कुणी धजावले नाही. आताही कुंपणापलीकडे तेओफिलो शेजारी ओंडक्यावर बसून काडी चघळत होता. तो कुणाला काय सांगतो हे वस्तीतल्या पोराटोरांनाही माहीत होते.

सेगुंदोने पायरीवर बसून बूट काढले. घरात बूट घालून यायचे नाही, ही तिचीच शिकवण. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ती सतरा. त्याला तिने केळी कुस्करून भरवली होती, खरजेला कडू पाल्याने आंघोळी घातल्या होत्या.

"राग धरू नकोस," तो आत येत म्हणाला. "तुम्हीच सही केली होतीत ना सरकारच्या कागदावर? कोका लावणार नाही म्हणून?"

"केली होती," डेल्फिना म्हणाली. "आख्ख्या वस्तीत पहिली सही माझी. या हातांनी शेवटचं झुडूपसुद्धा उपटलं. मिरीची रोपं देतो म्हणाले होते. वीस दिवस धक्क्यावर पडून राहिली आणि मग खराट्याच्या काड्या आल्या घरी. रस्ता करणार होते. दिसला का तुला येताना रस्ता?"

"नावेनं आलो."

"केळी पाठीवर मारून सहा तास चालले मी, सेगुंदो. पोचेपर्यंत काळी पडली. कोकाच्या पानाला गिऱ्हाईक दारात येतं. सांग, काय लावू?"

 बाहेर पोलिसांनी सुरुंग हुंगणारा कुत्रा सोडला होता. तो ओढा ओलांडून तुकड्यात शिरला. डेल्फिनाचा सगळा जीव त्या कुत्र्यात गोळा झाला. देवा, याला वास येऊ दे. मग कुणाला काही सांगावे लागणार नाही. कुत्रा झुडपांतून नाक लावत फिरला, एका ठिकाणी थबकला, तिथे त्याने तंगडी वर केली आणि परत येऊन सावलीत जीभ काढून आडवा झाला. लुकड्याचा माणूस आपल्या कामात हुशार होता.

"चला रे!" मुकादम ओरडला. "सेगुंदो, पुढे हो!"

"आलो," म्हणून सेगुंदो वळला. तो दाराकडे दोन पावले गेला असेल नसेल, तेवढ्यात डेल्फिनाने चुलीवरचे भांडे दोन्ही हातांनी उचलले आणि उकळते पाणी त्याच्या उघड्या पायावर ओतले.

त्याची किंकाळी नदीपर्यंत गेली. तो जमिनीवर कोसळला. पायाची कातडी पाहता पाहता पांढरी पडून फुगली. पोलीस धावत आले. कुंपणापलीकडून तेओफिलो टाळ्या पिटत ओरडला, "शाब्बास, डेल्फिना! सरकारच्या कुत्र्यांना असंच पाहिजे!" आणखी दोन-चार दारांतूनही हसण्याचा आवाज आला.

"हात निसटला," ती म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता आणि तिच्या स्वतःच्या बोटांवरही फोड उठत होते.

"निसटला म्हणे! वेडी आहे ही बाई," मुकादम म्हणाला. "आता पुढे कोण?"

"मी जातो की." टोळीतला एक धिप्पाड माणूस पुढे आला. अर्सेसियो त्याचे नाव. कॉफीच्या मळ्यांपासून सेगुंदोच्या जोडीने राबणारा, चाळिशीचा, बडबड्या. त्याने खाली वाकून सेगुंदोचा पाय पाहिला आणि शीळ घातली. "अरे बाप रे. लेका, तू तर कोंबडीच्या आधी सोलला गेलास. पड इथंच. तुझी ओळ मी घेतो." मग डेल्फिनाकडे वळून त्याने डोळे मिचकावले. "मावशी, आमच्याकडे पाहुण्याला आधी जेवू घालतात, मग भाजतात. तुमच्याकडे उलटंच दिसतंय."

त्याने फावडे खांद्यावर टाकले. दारातून बाहेर पडताना काय वाटले कुणास ठाऊक, वळून एकदा तिच्याकडे पाहिले. डेल्फिनाचे तोंड उघडले. तेओफिलो कुंपणावर कोपर टेकून ऐकत होता. तिने तोंड मिटले.

ती सेगुंदोच्या पायावर गार पाण्याची फडकी ठेवत राहिली. ओढ्यापलीकडे झुडपे मुळासकट निघताना मातीचा आवाज येत होता. अर्सेसियो काहीतरी गुणगुणत होता आणि मागचे लोक त्याला गप्प बस म्हणून शिव्या देत होते. ती मनात झुडपे मोजत होती. आता चौथे. आता पाचवे. सातव्यापाशी थोपटलेली माती होती.

स्फोट फार मोठा नव्हता. पायमोडे माणूस मारण्यासाठी नसतातच. घरातली भांडी हलली, पोलीस जमिनीवर आडवे झाले, कोंबड्या ओरडत रानात पळाल्या. सेगुंदो दचकून उठून बसला. डेल्फिना दचकली नाही. तिने फडके पिळले आणि पुन्हा त्याच्या पायावर ठेवले.

तेवढ्यावरून त्याला कळले.

"तुला माहीत होतं," तो हळू आवाजात म्हणाला.

पलीकडून अर्सेसियो ओरडत होता. शब्द नव्हते. एकसारखा आवाज होता, जनावराचा असतो तसा.

"एक शब्द, अक्का. नुसतं डोळ्यानं खुणावलं असतंस तरी चाललं असतं."

"तुझा पाय जागेवर आहे ना?" ती म्हणाली. मग आणखी खाली वाकून, ओठ न हलवता बोलल्यासारखी बोलली, "अजून दोन आहेत. पेरूच्या झाडाशी एक. दगडापाशी एक."

तिने पलंगावरची चादर ओढून त्याच्या हातात दिली. भाजलेला पाय घेऊन सेगुंदो काठीच्या आधाराने लंगडत ओढ्यापर्यंत गेला. चादर फाडून अर्सेसियोची मांडी आवळून बांधायला लावली. मग पोलीस हवालदाराला म्हणाला, "पेरूपाशी आणि त्या दगडापाशी माती भुसभुशीत दिसतेय. तिकडे कुणी जाऊ नका." ते दोन्ही पायमोडे सापडले. मित्राशी केलेला दगा आणि बहिणीला दिलेले अभय या दोन्हींसाठी त्याला एकच खोटे पुरले.

हेलिकॉप्टर यायला दीड तास लागला. तोवर हवालदाराने डेल्फिनाला दोनदा विचारले. तिने काही पाहिले नव्हते. "या बायकांना सगळं माहीत असतं," तो थुंकून म्हणाला. त्या संतापात टोळीने राहिलेला कोका तर उपटलाच, त्याच्या ओळींमधली केळी आणि घरामागची खायच्या कंदाची, युकाची रोपेही कापून टाकली. अर्सेसियोबरोबर सेगुंदोलाही हेलिकॉप्टरात घातले. जाताना त्याने घराकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या दोन बायका तिच्याकडे कौतुकाने अंडी घेऊन आल्या. सख्ख्या भावावर उकळते पाणी ओतणारी बाई म्हणून तिचे नाव झाले होते. दुपारी लुकड्या आला. त्याने टोपी काढली नाही.

"पाणी बरोबर वेळेवर सांडलं तुझं," तो म्हणाला. "आणि दुसऱ्याच्या पायावर नाही, भावाच्याच."

"हात निसटला."

"राहिलेले दोन कसे सापडले?"

तिने चुलीत एक लाकूड सारले.

"मी माणूस आहे, डेल्फिना. मलाही बहीण आहे. म्हणून तुला नदीत टाकत नाही. उद्या सूर्य मावळायच्या आत इथून निघ."

चौतीस वर्षे ती त्या जमिनीवर राहिली होती. नवऱ्याला तिने तिथेच पुरले होते. नावेत बसले ते भांडे, घोंगडी, नवऱ्याचा फोटो आणि ती. धक्क्यावर कुणी आले नाही. अंडी आणणाऱ्या बायकांची दारे लागली होती. नाव वळणावर पोचण्याआधीच तेओफिलो तिच्या कोंबड्या हाकारत होता.

पुएर्तो या नदीकाठच्या गावी धक्क्यावर एका खानावळीत तिला काम मिळाले. भांडी घासायची, रस्सा वाढायचा, खारवलेले मासे उन्हात उलटायचे. झोपायला पोत्यांच्या खोलीचा कोपरा. सेगुंदोचा पत्ता तिने शोधून काढला आणि ओळखीच्या नावाड्याबरोबर तीनदा निरोप धाडला. पाय भरून आला का, एवढेच विचारले होते. उत्तर आले नाही.

सव्वा वर्षाने एका भर दुपारी एक धिप्पाड माणूस कुबड्या टेकत खानावळीत आला आणि दाराशेजारच्या बाकावर बसला. उजव्या पायाची विजार गुडघ्याच्या वर दुमडून पिनेने टाचली होती. डेल्फिनाने त्याला चालण्यावरून ओळखले नसतेच. बसताना त्याने शीळ घातली, त्यावरून तिने ओळखले.

"माशाचा रस्सा आहे?" त्याने विचारले.

तिने भातावर वाढला. थोडा त्याच्या मांडीवर सांडला.

"आज गार आहे वाटतं," तो म्हणाला आणि हसला. पण हसणे डोळ्यांपर्यंत गेले नाही. "बस, मावशी. मला माहीत आहे सगळं. सेगुंदोनं सांगितलं. दारू प्यायला होता, रडत होता. आता तो माझ्याशीही बोलत नाही. इथल्या कचेरीत माझा भरपाईचा कागद अडकलाय, त्यासाठी आलो. म्हटलं, तुझं तोंड एकदा नीट बघून घ्यावं."

ती उभीच राहिली.

तो सावकाश जेवला. काटे एकेक करून ताटाच्या कडेला लावले, शेवटी भाताचे शीतही ठेवले नाही. मग म्हणाला, "एकच विचारायचं होतं. दारात मी वळून पाहिलं, तेव्हा तू तोंड उघडलं होतंस. काय सांगणार होतीस?"

खोटे बोलणे सोपे होते. सांगणार होते, पण धीर झाला नाही, असे म्हटले असते तर त्यालाही बरे वाटले असते. डेल्फिनाने झग्याला हात पुसले.

"जेवून जा म्हणणार होते," ती म्हणाली. "बाकी काही सांगणार नव्हते."

 अर्सेसियोने मान हलवली, एखादा हिशोब पटल्यावर नव्हे, नुसते ऐकले एवढे कळवण्यासाठी. त्याने कुबड्या घेतल्या. आधारासाठी तिचा हात पुढे झाला तेव्हा तो "नको" म्हणाला.

धक्क्याच्या ओल्या फळ्यांवरून तो नावेकडे निघाला. कुबडी, पाय, कुबडी, पाय. ती रिकामे ताट हातात घेऊन दारात आली.

"सांभाळून!" ती एकदम मोठ्याने ओरडली. नावाडी वळून पाहू लागले. "पुढची फळी कुजलीय! तिच्यावर भार टाकू नका!"

"येताना पाहिली," तो म्हणाला आणि मागे न वळता ती फळी ओलांडून गेला.